अहवालातील दोन ओळी

गेल्या महिन्यात खालापूरकडील एक सूनबाई सासऱ्यांची फाईल घेऊन दवाखान्यात आल्या. टॉन्सिलच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. अहवालातील दोन ओळी त्यांना अडल्या होत्या : ‘सर्वांत जवळची कड ३ मिलिमीटर’ आणि ‘पी-१६ पॉझिटिव्ह’. दुसरी ओळ विषाणूची, हे कळल्यापासून घरात सासऱ्यांचे ताट-पेला वेगळा झाला होता.

आधी कडेविषयी. शल्यविशारद गाठीबरोबर भोवतीचा निरोगी दिसणारा भागही काढतात. त्या तुकड्याच्या कडेला शाई लावून, शाईपासून कर्करोगाची पेशी किती दूर आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ५ मिलिमीटर वा अधिक अंतर असल्यास कड सामान्यतः मोकळी मानतात; त्याहून कमी असल्यास ‘जवळची’. जवळची कड म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. घशात जागाच अपुरी. टॉन्सिलच्या मागे मेंदूकडे जाणारी रोहिणी असते. स्वरतंतूवर तर १-२ मिलिमीटरही पुरेसे मानतात, कारण तेथे जास्त कापणे म्हणजे आवाज गमावणे. अशा वेळी बहुधा किरणोपचार सुचवतात. शाईवरच पेशी आढळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणांसोबत केमोथेरपी.

आता विषाणू. पी-१६ हे एक प्रथिन. ते वाढलेले असणे ही एचपीव्ही विषाणूची अप्रत्यक्ष खूण. हा विषाणू ताटातून, पेल्यातून वा सेवा करण्यातून पसरत नाही. तो शरीरसंबंधातून, अनेकदा कित्येक वर्षांपूर्वी आलेला असतो. कधी, कोणाकडून, हे सांगता येत नाही. तेव्हा सत्तरीच्या जोडप्याने एकमेकांकडे संशयाने पाहू नये, हे मी मुद्दाम सांगतो. उलट, टॉन्सिल व जिभेच्या मुळाचा असा कर्करोग उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो. मात्र तंबाखू असेल तर तो लाभ घटतो. आपल्याकडे घशाच्या कर्करोगाचे मुख्य कारण अजूनही विडी-तंबाखूच आहे, आणि मिश्री हीसुद्धा तंबाखूच! विषाणू सापडला म्हणून कडेचे महत्त्व कमी होत नाही.

किरणोपचार साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासूनचे; त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र खालापूरकरांना जवळ पडते. कोठे सोयीचे होईल, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. उपचारांपूर्वी दात तपासून घ्यावेत. किरणांनंतर दात काढल्यास जबड्याची जखम भरणे कठीण जाते.

सूनबाईंनी हे सारे वहीत उतरवून घेतले. ताटाचे मात्र लिहावे लागले नाही.