जुन्या कारचा सायलेन्सर बदलताय? स्वस्तातला पाइप महागात का पडतो, समजून घ्या

मंचर, नारायणगाव किंवा आळेफाटा. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या कुठल्याही गॅरेजमध्ये पंधरा वर्षांपूर्वीची कार जॅकवर चढलेली दिसते आणि खालून सडलेला सायलेन्सर लोंबत असतो. कंपनीचा भाग लवकर मिळत नाही, मिळाला तर किंमत जड वाटते. मग बाजारातला सायलेन्सर आणून वेल्डिंग केलं जातं आणि गाडी संध्याकाळपर्यंत घरी. जुन्नर-आंबेगावसारख्या भागात, जिथे शेवटची एसटी चुकली की घरची कारच दवाखान्यापर्यंत नेते, तिथे या जुगाडाला नावं ठेवणं सोपं नाही. पण जुना भाग काढताना त्यासोबत काय गेलं, हे मालकाला कळायला हवं.

सायलेन्सर सडतो का?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात धुराबरोबर बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात पाइप तापतो आणि वाफ निघून जाते. घर ते शेत, शेत ते डेअरी अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत पाइप पुरेसा तापतच नाही. पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि पत्रा आतून गंजतो. त्यात पावसाळ्यातला चिखल आणि गतिरोधकांचे दणके. म्हणजे सायलेन्सर बदलणं ही बहुतेकांची हौस नसते, गरज असते.

मग अडचण कुठे?

अडचण सायलेन्सरच्या पुढच्या डब्यात आहे. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. २००५ मध्ये भारत स्टेज-२ निकष देशभर लागू झाले. त्यानंतरच्या पेट्रोल कारमध्ये हा डबा सर्रास असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या पातळ थरावर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात होतं. या धातूंमुळेच जुन्या डब्याला भंगारात चांगला भाव येतो आणि नवा डबा महाग पडतो. म्हणून ‘हा चोकअप झालाय, साधा पाइप टाकू, गाडी मोकळी पळेल’ असा सल्ला मिळतो.

डबा खरोखर तुंबला असेल, तर तो काढल्यावर गाडी हलकी वाटते, हे खरं. पण तो तुंबण्यामागे बहुधा मिसफायर किंवा इंजिनमध्ये जळणारं ऑइल असतं. ते दुरुस्त न करता डबा काढला तर आजार तसाच राहतो, फक्त लक्षण झाकलं जातं. डबा धड असेल, तर लहान इंजिनाच्या कारला तो काढून मिळणारी ताकद जाणवेल इतकी नसते. वाढतो तो आवाज.

दुसरा घोटाळा वेल्डिंगचा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. इंधन कमी पडतंय, असं सेन्सरला वाटतं आणि इंजिन जास्त पेट्रोल ओढतं. मालक म्हणतो, सायलेन्सर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं. तो चुकीचं बोलत नसतो.

जिवाशी खेळ कसा?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पुढच्या जोडात गळती असेल आणि फ्लोअरचा पत्रा सडलेला असेल, तर हा वायू केबिनमध्ये शिरतो. एसी लावून थांबलेल्या गाडीत झोपलेल्या माणसाला डोकेदुखी, गुंगी आणि त्यापुढचा धोका कळतही नाही. शिवाय धावून आलेल्या गाडीचा पाइप कित्येक अंश तापलेला असतो. उसाच्या पाचटावर किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करताना उष्णतारोधक पत्रा जागेवर नसेल, तर आगीला निमंत्रणच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेली मूळ वैशिष्ट्यं परस्पर बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. हवा आणि आवाजाच्या निकषांचा भंग झाल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि तीन महिने परवान्यावर गदा येऊ शकते. मूळ प्रकारचाच भाग बसवणं ही दुरुस्ती. कन्व्हर्टर उडवणं किंवा ‘पुंगळी’ काढणं हा बदल.

पीयूसी आहे, मग काय?

भारत स्टेज-२ आणि ३ च्या पेट्रोल कारसाठी पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी ३ टक्के. पण ही चाचणी उभ्या गाडीवर होते. तिच्यात नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाहीत आणि आवाजही नाही. कागद हातात असला म्हणजे गाडी निर्दोष ठरत नाही.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

• जुना भाग समोर काढा, कन्व्हर्टर कुठला आणि सायलेन्सर कुठला ते दाखवायला सांगा.
• फक्त मागचा डबा सडला असेल, तर तेवढाच बदला.
• पाइपचा व्यास मूळ मापाचाच ठेवा.
• इंधनाच्या नळीपासून पाइप किमान ३५ मिलिमीटर दूर हवा, तसा नियमच आहे.
• काम झाल्यावर थंड इंजिन सुरू करून प्रत्येक जोडाची गळती तपासा. पक्कं बिल घ्या.

जबाबदारी एकट्या मालकाची नाही

जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो राज्यभरातून येत असतात. बुलेटच्या फटफटीला चाप बसायलाच हवा, भीमाशंकरच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर नक्कीच. पण ज्या कारचा आवाज शांत आहे आणि कन्व्हर्टर गायब आहे, ती या कारवाईत कधीच सापडत नाही. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओपुढे येते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं. एवढे पैसे घेताना गाडीखाली एकदा वाकून बघायला काय हरकत आहे?

युरोपात बदली सायलेन्सर आणि बदली कन्व्हर्टर यांना मान्यतेचा शिक्का लागतो. आपल्याकडे काउंटरवरच्या ग्राहकाला पटकन ओळखता येईल अशी खूण रुळलेली नाही. चांगला आणि टाकाऊ भाग एकाच फळीवर असतात आणि फरक सांगते ती फक्त किंमत. परवडणारा, प्रमाणित भाग तालुक्याच्या बाजारात मिळू लागला, तर साधा पाइप ठोकण्याची वेळ फार कमी जणांवर येईल. तोवर दंडाची भीती दाखवण्याआधी पर्याय देणं हे सरकारचं आणि कंपन्यांचं काम आहे.