जखम कुणाची, आवाज कुणाचा

‘स्टिग्मॅटा’ हा रूपर्ट वेनराइट यांनी दिग्दर्शित केलेला धार्मिक भयपट सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. चित्रपटाची नायिका फ्रँकी पेज (पॅट्रिशिया आर्केट) ही पिट्सबर्गमधील केशकर्तनालयात काम करणारी, देवाधर्माशी फारसा संबंध नसलेली तरुणी आहे. ब्राझीलमध्ये मरण पावलेल्या एका धर्मगुरूची जपमाळ तिच्या हाती येते. त्यानंतर तिच्या अंगावर एकेक करून येशूच्या जखमा उमटू लागतात. आधी मनगटे फुटतात, मग पाठीवर फटक्यांचे वळ उठतात, पुढे कपाळावर काट्यांच्या मुकुटाचे व्रण दिसतात आणि शेवटी पाय. तपासासाठी रोमहून फादर अँड्र्यू कीर्नन (गॅब्रिएल बर्न) येतात. ते धर्मगुरू आहेत तसेच शास्त्रज्ञही. त्यांचे वरिष्ठ कार्डिनल हाउसमन (जोनाथन प्राइस) यांना मात्र जखमांपेक्षा त्या मुलीच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या शब्दांची भीती वाटते. चर्चने दडवलेले येशूचे एक शुभवर्तमान तिच्या तोंडून बोलते आहे, हा कथेचा गाभा. ते बाहेर पडू नये म्हणून कार्डिनल तिचा जीव घ्यायलाही तयार होतात.

‘स्टिग्मा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ डागणी, म्हणजे गुलामाच्या किंवा जनावराच्या अंगावर उठवलेली खूण. ख्रिस्ती परंपरेत दोन हात, दोन पाय आणि कूस या पाच ठिकाणी कोणत्याही उघड कारणाविना उमटलेल्या जखमांना हे नाव मिळाले. अशा जखमांचे सर्वांत प्रसिद्ध आणि जवळजवळ पहिले उदाहरण असिसीच्या संत फ्रान्सिसचे. १२२४ मध्ये इटलीतील ला वेर्ना डोंगरावर उपवास आणि ध्यान करताना त्यांच्या अंगावर त्या उमटल्याचे सांगितले जाते. पुढची दोन वर्षे त्यांनी हात बाह्यांमध्ये लपवून काढली. जगाला ही गोष्ट कळली ती १२२६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर.

त्याआधीच्या बारा शतकांत अशा जखमांचा जवळपास उल्लेख नाही आणि त्यानंतर मात्र त्यांची रांग लागते. युरोपातील चित्रकार आणि मूर्तिकार क्रुसावरचा येशू रक्तबंबाळ रंगवू लागले तो हाच काळ. त्या चित्रांत खिळे तळहातांत असतात, म्हणून भक्तांच्या जखमाही तळहातांतच उमटल्या. क्रुसावरच्या माणसाचे वजन पेलायचे तर खिळा मनगटातून गेला असावा, हे मत विसाव्या शतकात पुढे आले आणि १९९९ च्या चित्रपटात फ्रँकीची मनगटे फुटली. जखम त्या त्या काळातल्या चित्राच्या मागोमाग चालते. मनाचा शरीरावर किती खोल परिणाम होऊ शकतो याचा हा पुरावा मानावा, की काही वेळा जखम हातांनीच केलेली असते याचा, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे तपासावे लागते.

पोर्तुगालमधील एका प्रकरणात ही तपासणी साबणाने झाली. लिस्बनच्या मठातील मारिया दा व्हिजितासांव या मठप्रमुख धर्मभगिनीच्या अंगावर येशूच्या पाच जखमा आहेत अशी तिची कीर्ती साऱ्या युरोपात पसरली होती. लुईस द ग्रानादा यांच्यासारखा नामांकित धर्मपंडित तिच्या बाजूने उभा होता. मात्र पोर्तुगालचे राज्य तेव्हा स्पेनच्या राजाच्या हाती गेलेले होते आणि मारियाचे नाव स्पेनविरोधी पक्षाशी जोडले गेले. १५८८ मध्ये धर्मन्यायालयाने तिचे हात धुऊन काढले, जखमा रंगाने काढलेल्या निघाल्या आणि तिला शिक्षा झाली. तिची लबाडी खरीच होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण ती लबाडी शोधण्याची इच्छा सत्तेला केव्हा झाली, हेही त्याच प्रकरणात स्पष्ट दिसते.

गोव्यातील घटना याच पोर्तुगीज जगातली आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळची. जुन्या गोव्यात, संत ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्यासमोर, सांता मोनिका हा स्त्रियांचा प्रचंड मठ आजही उभा आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये त्याची स्थापना केली आणि १६२७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. आशियातील स्त्रियांच्या सर्वांत मोठ्या मठांपैकी तो एक. श्रीमंत पोर्तुगीज घराण्यांतील मुली आणि विधवा येथे येत त्या हुंडा घेऊन, आणि तो हुंडा मठाचा होई. शहराची नगरसभा यावर चिडलेली होती. मठ जमीनजुमला गिळतो आहे आणि लग्नाच्या मुली भिंतीआड जात आहेत, अशा तक्रारी थेट राजापर्यंत गेल्या होत्या. मठाची बाजू लढवत होते दियोगो द सांताना हे ऑगस्टीन पंथाचे धर्मगुरू. मठाचा कारभार तेच पाहत आणि धर्मभगिनींचे पापनिवेदनही तेच ऐकत.

हा वाद धुमसत असतानाच १६३६ च्या फेब्रुवारीत मठातील मोठ्या क्रुसावरच्या येशूने डोळे उघडले, बोलण्यासाठी ओठ हलवले आणि काट्यांच्या मुकुटाखालून रक्त ठिबकू लागले, असे धर्मभगिनींनी सांगितले. हा ‘रडणारा क्रूस’ पुढे गोव्यात मोठ्या भक्तीचे ठिकाण झाला. त्याच वर्षी मठाला आग लागली. लगेच पुढच्या वर्षी मठ पुन्हा बांधून झाला. चमत्काराचा वृत्तान्त लिहिला तो दियोगो यांनी. डोळे उघडताना पाहिले स्त्रियांनी, लेखणी मात्र त्यांच्या कारभाऱ्याच्या हातात होती आणि त्या कारभाऱ्याला नगरसभेविरुद्धचा दावा जिंकायचा होता. एवढ्यावरून सगळे बनावट होते असे म्हणता येत नाही. भिंतींच्या आत कोंडलेल्या, उपवास आणि जागरणे करणाऱ्या, बाहेरच्या शहराचा राग झेलणाऱ्या स्त्रियांना मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात लाकडी चेहरा हलताना दिसला असेल, आणि तो त्यांना मनापासून दिसला असेल. त्या स्त्रियांना थेट विचारणारे मात्र कोणी नव्हते.

त्याच मठाच्या परंपरेत सतराव्या शतकातील मारिया द जेझूस या धर्मभगिनीचे नाव येते. तिच्या मृत्यूनंतर तिच्या देहावर येशूच्या जखमा आणि डोक्यावर काट्यांचे व्रण आढळले, असे सांगितले जाते. लिस्बन आणि गोवा शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. जिवंत बाईच्या हातावर जखम उमटली तर तिला साबणाला सामोरे जावे लागते. लाकडावर उमटली किंवा प्रेतावर उमटली तर तिची पूजा होते, कारण लाकूड आणि प्रेत आपल्या जखमेचा अर्थ स्वतः सांगत नाहीत. फ्रान्सिस पुरुष होते, एका संघाचे संस्थापक होते, तरी त्यांनाही हात लपवावेसे वाटले. इटलीतील पाद्रे पिओ यांच्या हातांवर १९१८ मध्ये जखमा उमटल्या. १९२३ मध्ये रोमने त्यांत अलौकिक काही सिद्ध झालेले नाही असे जाहीर केले, १९३१ ते १९३३ या काळात त्यांना लोकांसमोर मिस्सा अर्पण करण्यास मनाई होती, आणि १९६८ मध्ये ते वारल्यानंतर २००२ मध्ये त्याच रोमने त्यांना संत ठरवले.

आता दडवलेल्या शुभवर्तमानाचा प्रश्न. चित्रपटाच्या शेवटी थोमाच्या शुभवर्तमानाचा उल्लेख येतो आणि व्हॅटिकनने ते दाबून ठेवल्याचा भास निर्माण केला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ १९४५ मध्ये शेतकऱ्यांना मातीच्या रांजणात जुनी हस्तलिखिते सापडली, त्यांत येशूच्या ११४ वचनांचा हा संग्रह होता. ती हस्तलिखिते कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. ग्रीक भाषेतील त्याचे तुकडे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विद्वानांच्या हाती होते, आणि १९५९ पासून हा ग्रंथ भाषांतरासह छापील मिळतो. चर्चने तो बायबलमध्ये घेतला नाही, हे खरे. पण ज्याची प्रत कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळू शकते, त्याला दडवलेले म्हणता येत नाही.

त्या ग्रंथाच्या आधारे रचलेले जे वचन चित्रपटाला इतके स्फोटक वाटते, त्याचा आशय असा की देव दगडालाकडाच्या वास्तूंत कोंडलेला नाही, तो आत आहे आणि सर्वत्र आहे. हिंगोली जिल्ह्यातील प्रेक्षकाला यात स्फोटक काय, असा प्रश्न पडेल, आणि तो योग्य आहे. नर्सीचे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले तेव्हा विसोबा खेचर शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड. ही कथा औंढा नागनाथाच्या परिसरात लहान मुलालाही माहीत असते. कीर्तनाला मंदिरासमोरून उठवले म्हणून नामदेव मागच्या बाजूला गेले आणि मंदिरच फिरले, ही कथाही तिथलीच. नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर गावकरी आजही तीच कथा सांगून देतात. दाराशी उभे राहून देव आपल्या ताब्यात ठेवू पाहणारे येथेही होते. पण देव सर्वत्र आहे हे सांगणारा ज्योतिर्लिंगाच्या गावातच मानाने राहिला आणि त्याची शिकवण कीर्तनातून घराघरांत गेली. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईने देवाशी भांडण केले, त्याला कामाला लावले, आणि तिच्या अभंगाखाली तिचे स्वतःचे नाव राहिले. तिला वृत्तान्त लिहून देणारा कारभारी लागला नाही.

फ्रँकी पेजला जनाबाईचा हा हक्क चित्रपट देत नाही, हा त्याचा खरा दोष आहे. कार्डिनल तिचा आवाज बंद करू पाहतो, पण तो आवाजही तिचा नाहीच. तिच्या तोंडून बोलतो तो ब्राझीलचा मेलेला धर्मगुरू. तिच्या मनगटातून रक्त जाते आणि मुद्दा त्याचा मांडला जातो. चर्चच्या मुस्कटदाबीवर तुटून पडणारा चित्रपट स्वतः तेच करतो. नवरात्रात अंगात आलेल्या बाईने मराठवाड्याच्या खेड्यात सासूला, दिराला चार शब्द सुनावले की घर ऐकून घेते, वारे उतरले की तिचे पुन्हा कोणी ऐकत नाही. फ्रँकीची अवस्था त्याहून फारशी निराळी नाही.

चर्चमध्ये गुप्तता नव्हती असे मात्र नाही. अशा कथित चमत्कारांची चौकशी बिशपांनी कशी करावी याचे नियम रोमने १९७८ मध्ये तयार केले आणि ते बिशपांकडे गोपनीय म्हणून पाठवले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. मे २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. ते पहिल्या दिवसापासून उघड आहेत. त्यांनुसार एखादी घटना अलौकिक आहे असा निर्वाळा चर्च सहसा देणार नाही. भक्तीला हरकत आहे की नाही, एवढेच सहा श्रेणींत सांगितले जाईल. चित्रपटातल्या कार्डिनलपेक्षा हे फार नीरस आहे आणि फार अधिक महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात असा प्रसंग मार्च २०१२ मध्ये आला. मुंबईत इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून भांड्यांत घेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागा पाहिली. जवळचे सांडपाणी तुंबून भिंतीत मुरत होते आणि केशाकर्षणाने वर चढून क्रुसातून बाहेर पडत होते. दिव्याची वात तेल ओढते ती याच नियमाने. चर्चने हा चमत्कार असल्याचे जाहीर केले नव्हते. तरीही एडामारुकू यांनी दूरचित्रवाणीवर चर्चवर केलेल्या टीकेवरून भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. लोक गटाराचे पाणी पीत होते. ते थांबवणाऱ्याला देश सोडावा लागला, ही या राज्याला शोभणारी गोष्ट नाही.

पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे हे त्याने गुन्हे ठरवले. हा कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. फ्रँकीला खाटेशी जखडून तिच्यावर विधी करणारा चित्रपटातला प्रसंग महाराष्ट्रात घडला असता, तर तो पोलिसांच्या कक्षेत आला असता.

अंगावर उमटलेल्या जखमांचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण केरळचे आहे. त्रिशूर जिल्ह्यातील पुतेनचिरा येथील मरियम त्रेसिया (१८७६–१९२६) यांना तरुणपणी दृष्टान्त होत. हा सैतानाचा खेळ तर नाही ना, या शंकेने बिशपांनी १९०२ ते १९०५ या काळात त्यांच्यावर वारंवार सैतान काढण्याचे विधी करवले. पुढे त्यांच्या अंगावर येशूच्या जखमा उमटल्या, त्या त्यांनी लोकांच्या नजरेपासून जपून लपवल्या. १९१४ मध्ये त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला, शाळा काढल्या, देवीच्या आणि कुष्ठाच्या रुग्णांची सेवा केली. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्यासाठी चमत्कार म्हणून धरले गेले ते दोन. एका मुलाचे जन्मजात वाकडे पाय सरळ झाले आणि एक नवजात बाळ वाचले. मरियम त्रेसिया यांच्या स्वतःच्या अंगावरच्या जखमा त्या मोजणीत धरलेल्या नाहीत.