ॲम्ब्युलन्सचा कॅम्पर करताय? आधी वायरिंग, मग गादी!

जुनी ॲम्ब्युलन्स घ्यायची, तिचा कॅम्पर बनवून विकायचा. आयडिया चांगलीच आहे. उंच छप्पर, मागचा मोठा दरवाजा आयता मिळतो. पण पैसा आधी कुठे घालायचा, इथे गणित चुकतं.

माझ्या बॅचमधल्या एकाने आधी प्लायवूड, गादी, ओटा सगळं बसवलं. मग रोज सकाळी बॅटरी डाऊन! सायरन, टपावरचा दिवा, सक्शन पंपाचं सॉकेट, सगळ्या जुन्या वायरी पॅनेलमागे तशाच होत्या. एकीत करंट चालूच. नवंकोरं फर्निचर उखडावं लागलं.

माझं स्पष्ट मत: गाडी आधी पूर्ण मोकळी करा. प्रत्येक वायर मल्टीमीटरने तपासा, लेबल लावा, नको ती काढा. पंखा-दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवा, म्हणजे रात्रभर वापरूनही सकाळी गाडी स्टार्ट होते.

एक हिशोब पाठच करा: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. 1000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 83 अँपिअरहून जास्त खेचतो. घरातली दीड एमएमची वायर तिथे जळेल. जाड केबल टाका आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा वाचा. आरटीओची मंजुरी आधी, काम नंतर.

गादी गिऱ्हाइकाला दिसते, वायर दिसत नाही. पण त्या गाडीत रात्री कुणाचं तरी कुटुंब झोपणार आहे. म्हणून कोटेशनमध्ये वायरिंगचा खर्च वेगळा दाखवा, आणि तिथे डिस्काउंट देऊ नका.