बेवारस ताप

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील समस्त नागरिकांस जाहीर विनंती

पावसाळा सरता सरता घरात कोणाला ताप भरला, की मलेरिया-डेंग्यूची रक्ततपासणी होते, तीत काही सापडले नाही की चिठ्ठीवर ‘व्हायरल’ हा शब्द उमटतो, आणि त्या एका शब्दासरशी चौकशीचे दप्तर बंद होते. डासाची झडती आपण घेतो. पण घरच्या कुत्र्याच्या कानामागे एरंडीच्या बीएवढी फुगून बसलेल्या गोचिडीची जबानी घ्यावी, असे कोणाच्या मनात येत नाही.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली व पाठोपाठ माणसे तापली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शोधात गोचीडच वाहक ठरली. तोच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गास पोहोचला. २०११ साली अहमदाबादेत, गोचिडीपासूनच होणाऱ्या काँगो तापाने रुग्णाबरोबर शुश्रूषा करणारेही दगावले, आणि २०२० साली, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरच्या प्रशासनाला त्याच तापाबाबत इशारा द्यावा लागला.

हे दोन्ही ताप आपल्या वेशीत शिरले, असा आमचा दावा नाही. परंतु कुत्र्यांच्या गोचिडीपासून जडणारा टिक टायफस महाराष्ट्राला नवखा नाही: तीव्र ताप, डोकेदुखी, आणि तळहात-तळपायांपर्यंत उतरणारे तांबडे पुरळ. त्यावर पेनिसिलिनच्या जातीची औषधे व्यर्थ. डॉक्सिसायक्लीन हे जुने, स्वस्त औषध वेळीच मिळाले तर बहुधा दोन-तीन दिवसांत उतार पडतो. म्हणजे दारिद्र्य औषधाचे नाही, प्रश्नाचे आहे. आणि प्रश्नच विचारला नाही तर नोंद कोठून होणार? नोंद नाही म्हणून रोग नाही, हा कारकुनी न्याय आरोग्याच्या कारभारात चालणार नाही.

यास्तव ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांकडे आमची मागणी अशी:

१. प्रत्येक केसपेपरवर ‘घरी वा शेजारी जनावर आहे काय, गोचीड चावली काय’ हा रकाना छापावा.

२. म्हशींचे तबेले, मोकाट कुत्री व येऊरच्या रानालगतच्या वस्त्या येथील गोचिडींची पाहणी करून तिचा अहवाल जाहीर करावा.

३. म्हसाच्या यात्रेतून येणाऱ्या गुरांची गोचीडतपासणी व्हावी, यासाठी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन खात्याशी सहकार्य करावे.

पालिका हलेल तेव्हा हलेल. आपण मात्र आज रात्रीच कुत्र्याचे कान पाहा. गोचीड दिसली तर नखाने चिरडू नका, चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढा, आणि पुढे ताप आलाच तर डॉक्टरांनी न विचारताही ही हकिकत सांगा.

कळावे,
एक रहिवासी