हातकातरो खांबाला वळसा कशासाठी?

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दर्शनसोहळा जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडला. महाराष्ट्राच्या धर्मग्रामांतूनही भाविक गेले, तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि कृतार्थ होऊन परतले. से कॅथेड्रलची भव्यता, बॉम येशू बासिलिकेचा उघडा जांभा दगड, मांडवीचा काठ या साऱ्यांचे वर्णन आम्ही आवडीने ऐकले. पण त्याच परिसरात, बासिलिकेपासून पायी जाण्याच्या अंतरावर, रस्त्यालगत उभ्या असलेल्या एका खांबाविषयी कोणाच्याही तोंडून अवाक्षर निघाले नाही. त्या खांबाला गोव्याचे लोक ‘हातकातरो खांब’ म्हणतात. तो दाखवावा असे कोणी सुचवलेच, तर उत्तर ठरलेले असते : “आपण दर्शनाला आलो आहोत, ती कटकट आत्ता कशाला?”

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. जुन्या गोव्याला जाणाऱ्या प्रत्येक कॅथॉलिक कुटुंबाने त्या खांबापाशी थांबले पाहिजे, मुलांना त्याची गोष्ट सांगितली पाहिजे आणि मगच घरची वाट धरली पाहिजे.

प्रथम खांबाविषयी जे सांगता येते ते नीट सांगू. पोर्तुगीज आपल्या प्रत्येक नगरात चौकाच्या ठिकाणी ‘पेलोरिन्यो’ नावाचा स्तंभ उभारीत. नगराची सत्ता आणि राजाचा न्याय यांचे ते चिन्ह असे. गुन्हेगाराला तेथे बांधून लोकांसमोर शिक्षा दिली जाई. जुन्या गोव्यातील हा खांब अशाच चौकाची खूण आहे. त्याचा काळा दगड पूर्वीच्या एखाद्या मंदिराचा असावा, असे मानले जाते. तेथे लोकांचे हात छाटले जात, असे लोकस्मृती सांगते आणि नावही तिनेच दिले. इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. शिवाय पेलोरिन्यो हा नगरसत्तेचा स्तंभ. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, ही संस्था वेगळी. तिचा वाडा कॅथेड्रलच्या जवळ होता आणि तो एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. वाडा नाहीसा झाला, खांब मात्र राहिला. म्हणून लोकांनी त्या काळाचे सारे दुःख या एकट्या दगडाच्या अंगावर टाकले, असे आम्हांला वाटते. दगडाविषयी वाद घालता येईल. दुःखाविषयी घालता येणार नाही.

गोव्याचे इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले. मधली चार-पाच वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. १५६१ ते १७७४ या काळात त्याच्यापुढे सोळा हजारांहून अधिक लोकांचे खटले चालले. वैद्यकशास्त्रात नाव कमावलेल्या गार्सिया द ओर्ता यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली जाळण्यात आले. खुद्द ओर्ता यांची हाडे १५८० साली थडग्यातून उकरून जाळली गेली. ज्याला मरून बारा वर्षे झाली त्यालाही शिक्षा देण्याची ही हौस! क्लाउडियस देलाँ या तरुण फ्रेंच वैद्याला १६७३ साली दमण येथे पकडण्यात आले. बाप्तिस्मा आणि मूर्तिपूजन यांविषयी बोलताना त्याची जीभ सैल सुटली, हा त्याचा अपराध. दोन वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर जानेवारी १६७६ मध्ये त्याची शिक्षा जाहीर समारंभात वाचून दाखवली गेली. पुढे १६८७ साली त्याने आपली कहाणी छापली आणि ती युरोपभर वाचली गेली. आमच्या सुरगाण्याच्या घाटाखाली उतरले, धरमपूर ओलांडले की दमण फार दूर राहत नाही. तेव्हा ही गोष्ट कोणत्या तरी दूर देशाची आहे, असे आम्हांला म्हणता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा, की आपण स्वतः हा विषय काढला तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल. आजचे वातावरण पाहता ही भीती खोटी नाही. आदिवासी पाड्यांवरील ख्रिस्ती कुटुंबाला ‘तुमचे पूर्वज तलवारीने बाटवले’ असे ऐकवणारे लोक आहेत. त्यांना सुरगाणा आणि गोवा यांतला फरक ठाऊक नसतो आणि ठाऊक करून घ्यायचाही नसतो. पण कोलीत त्यांच्या हाती केव्हाच गेले आहे. अनंत काकबा प्रियोळकरांसारख्या जुन्या ख्रिस्ती मराठी साहित्याची सेवा केलेल्या विद्वानाने गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा आपला ग्रंथ १९६१ सालीच प्रसिद्ध केला. साऱ्या जगाला माहीत असलेली गोष्ट आपण आपल्या मुलांपासून लपवली, तर मुले ती कोणाकडून ऐकतील? द्वेषाने सांगणाऱ्याकडून! आणि मग ती आपल्याला एकच प्रश्न विचारतील : तुम्हांला माहीत होते, तर तुम्ही का बोलला नाहीत?

या आक्षेपाच्या मुळाशी एक मोठा गैरसमजही आहे. धर्मन्यायालयाचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. हिंदूंनाही त्याचा जाच झाला, यहुदी वंशाच्या लोकांना तर फारच झाला. परंतु त्याच्यापुढे थरथरत उभे राहणाऱ्यांत मोठा भरणा इथल्या मातीतल्या नवख्रिस्ती स्त्रीपुरुषांचा होता. १७३६ सालचा फतवा पाहावा. लग्नात ओव्या गाऊ नयेत, अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, मिठाविना भात शिजवू नये! हे हुकूम ख्रिस्ती घरांवर होते. आजीच्या ओठांवरची ओवी ज्या घरात दटावली गेली ते घर आपले होते. मग त्या खांबापाशी उभे राहून आपण आरोपीच्या पिंजऱ्यात का शिरावे? तेथे आपली जागा दुखवट्याला बसलेल्या नातेवाइकाची आहे.

दुसरा आक्षेप तुलनेचा. त्या काळी सगळेच राजे क्रूर होते, युरोपात याहून अधिक माणसे मारली गेली, गोव्यात तर प्रत्यक्ष जाळलेल्यांची नोंद साठीच्या आतली आहे, असे आमचे काही सुशिक्षित बंधू हिशेब मांडून दाखवतात. राजे क्रूर होते, हे सांगायला कोणी गोव्याहून यायला नको. १८१८ साली इंग्रजांच्या एका तुकडीवर हल्ला झाला, त्याचा सूड म्हणून फौज सुरगाण्यात घुसली आणि तिने इथल्या संस्थानिकाला पकडून फाशी दिली. सत्ता अशीच वागते. पण त्या फौजेने फाशी देताना शुभवर्तमान पुढे केले नव्हते. गोव्यात शिक्षा वाचली जाई तेव्हा क्रूस पुढे असे. धर्मन्यायालय स्वतः रक्त सांडत नसे. दोषी माणसाला ते राजसत्तेच्या स्वाधीन करी आणि हात धुऊन मोकळे होई. हात धुण्याची ही रीत प्रथम कोणी पाडली, हे वाचकांना सांगायला नको.

आपण जपमाळ करणारी माणसे आहोत. दुःखाच्या पाच रहस्यांपैकी दुसरे कोणते, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल : प्रभू येशूला खांबाला बांधून फटके मारण्यात आले. रोममधील सांता प्रासेदे या चर्चमध्ये तोच खांब मानल्या गेलेल्या दगडाची शतकानुशतके भक्ती होत आली आहे. एका खांबाचे चुंबन घ्यायचे आणि दुसऱ्या खांबाकडे पाठ फिरवायची, हे कोणत्या भक्तीत बसते? खांबाला बांधलेल्या माणसाचा अपराध काय आणि बांधणाऱ्याचा काळ कोणता, हे विचारण्याआधी प्रभू कोणत्या बाजूला उभा होता एवढे पाहिले, की साठ आणि सोळा हजार यांच्या हिशेबाची गरज उरत नाही. मल्खाचा एक कान तुटला, तोही प्रभूने जाग्यावर जोडला आणि पेत्राला तलवार म्यान करायला लावली.

तिसरा आक्षेप भक्तीचा. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या यात्रेत हा विषय काढणे म्हणजे संताचा अवमान, असे काहींना वाटते. संतांनी १५४६ साली अंबोइनाहून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली होती, हे खरे आहे. ते १५५२ साली निवर्तले आणि इन्क्विझिशन त्यानंतर आठ वर्षांनी आले, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. रुग्णांची सेवा करणारा, मोत्यांच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत अनवाणी फिरणारा संत या सत्याने लहान होत नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवली. म्हणून कोणी पेत्राला संत म्हणायचे सोडले काय?

खरे तर ख्रिस्तसभेने आपल्या पुढे वाट घालून दिली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, असे शिकवले. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ सालच्या आपल्या पत्रात, सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेचा आणि हिंसेचा पश्चात्ताप करण्यास ख्रिस्तसभेला सांगितले आणि १२ मार्च २००० रोजी रोममध्ये भर उपासनेत देवाची क्षमा मागितली. त्याच रोममध्ये कांपो दे फिओरी या चौकात जोर्दानो ब्रुनो याला १६०० साली जाळले होते. तेथे १८८९ साली उभारलेला त्याचा पुतळा चर्चला डिवचण्यासाठीच उभारला गेला होता. आज त्याच्या पायाशी भाजीबाजार भरतो आणि २००० साली व्हॅटिकनने त्याच्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. रोम आपल्या चौकाकडे पाहू शकते, मग आमची यात्रा आपल्या चौकाला वळसा का घालते?

हे सारे इतिहासापुरते असते तर आम्ही इतक्या आग्रहाने लिहिले नसते. पण चौकात माणूस उभा करून त्याला लाजवण्याची हौस अजून मेलेली नाही. जातपंचायतीच्या दंडाला आणि वाळीत टाकण्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. ‘डाकीण’ ठरवून बाईला छळण्याचे प्रकार आदिवासी भागांत आपल्याच पिढीने पाहिले आहेत. आणि आपल्या देवळाच्या आत काय? वर्गणी थकलेल्या घराचे नाव चारचौघांत घेण्याचा मोह, नियमाबाहेर लग्न झालेल्या मुलीकडे मिस्साच्या वेळी माना वळवून पाहणे, नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्या कोकणा किंवा वारली कुटुंबाने पावरी-तारपा वाजवला म्हणून ‘अजून जुने सुटले नाही’ असा शेरा मारणे, हे सारे त्याच खांबाचे लहान लहान तुकडे आहेत. १७३६ च्या फतव्यातली ओवी आणि आमच्या पाड्यावरचा तारपा यांत फार अंतर नाही.

आणखी एक गोष्ट. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन आपण आज सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य मागतो आणि ते मागण्याचा आपला पूर्ण हक्क आहे. पण जे स्वातंत्र्य आपण सरकारकडे मागतो तेच एके काळी आपल्या नावाने इतरांना नाकारले गेले, हे मान्य करण्याची हिंमत नसेल तर आपल्या मागणीला वजन येणार कोठून?

दहा वर्षांच्या प्रथेप्रमाणे पुढचा दर्शनसोहळा २०३४ साली येईल. तोवर थांबायचे कारण नाही. सहली आणि यात्रा दरवर्षी निघतात. गाडी ठरवणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास त्या खांबासाठी राखावा. घोषणा नकोत, भाषण नको. वडीलधाऱ्यांनी मुलांना तेथे काय घडले असे लोक सांगतात, कागदपत्रे काय सांगतात आणि शिक्षा झालेले लोक कोण होते, एवढे सरळ शब्दांत सांगावे. मग सर्वांनी मिळून जपमाळेचे दुःखाचे दुसरे रहस्य म्हणावे. एक ‘हे आमच्या बापा’ आणि दहा ‘नमो मरिया’ म्हणायला पाच मिनिटे लागतात.