गाईला डोंगरावर कोण नेतं?

मुलांनो, दिवाळीनंतर फलटणहून ताथवड्याच्या बाजूला गेलात, तर डोंगराखालचा एखादा ओढा बघून ठेवा. काठचा माळ पार खुरडलेला, बोटभरही गवत नाही. अन् वर चढावर? गुडघाभर कुसळी गवत तसंच उभं!

गाय आळशी म्हणायची का? नाही हं. तिचा हिशेब पक्का असतो. पाणी खाली, सावली खाली, मग चढ कशाला चढायचा? ती तिथलंच गवत पुन्हा पुन्हा ओरबाडते. फुटवा वर यायच्या आत तोंड लागतं, मुळं कमजोर होतात, माती उघडी पडते. मग वळवाच्या सरीत ती माती वाहत जाऊन पाझर तलावात बसते. वरचं गवत मात्र वाळतं, नाहीतर वणव्यात जळतं.

काठीनं हाकलून गुरं वर नेता येतात. पण गुराखी जरा झाडाखाली टेकला, की स्वारी पुन्हा ओढ्यावर हजर! (तुमच्यातल्या काहींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.)

यावर एक युक्ती आहे, मिठाची. गवतात सोडियम फार थोडं असतं. म्हणून तर गुरं भिंत चाटतात, माती चाटतात, आपला घामट हातसुद्धा सोडत नाहीत. मग मिठाची चाटण वीट गोठ्यात टांगण्याऐवजी पाण्यापासून लांब, वरच्या गवतात ठेवायची. गाय आपणहून वर जाते, चाटते आणि आजूबाजूला चरते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९९० च्या दशकात डेरेक बेली या शास्त्रज्ञानं सुकवून घट्ट केलेली मळी डोंगरावर ठेवून पाहिली. हो, साखर कारखान्यातली असते तीच काळी, चिकट मळी! गाई वर गेल्या आणि तिथं रेंगाळल्या.

वीट एकाच जागी ठेवून चालत नाही, तिथलंही गवत तुडवलं जातं. आठ-दहा दिवसांनी ती हलवायची. आणि माळाला झेपणार नाहीत इतकी गुरं सोडली, तर मात्र कुठलीच वीट कामाची नाही.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. आपल्याकडे त्याच माळावर मेंढ्याही चरतात. गाईंसाठीच्या क्षारांच्या विटेत बहुधा तांबं असतं. ते मेंढीच्या यकृतात साठतं आणि मेंढी दगावू शकते. फलटणच्या निंबकर संस्थेची जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ ज्यांच्या दारात असेल, त्यांनी तर दुप्पट जपावं!

आता रविवारचं काम. मोठ्या माणसाला सोबत घ्या. गावच्या पाणवठ्यापासून डोंगराकडे चालत जा. दर शंभर पावलांवर पट्टीनं गवताची उंची मोजा, वहीत लिहा. कितव्या पावलाला गवत एकदम उंच झालं, ते मला पत्रानं कळवा.