सहल मनालीची, कसोटी नियोजनाची

शाळांच्या वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक लागले, की मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत ‘यंदा कुठे?’ हा विषय निघतो आणि ‘सिमला-कुलू-मनाली’ हे नाव जोडशब्दासारखे एका दमात उच्चारले जाते. काश्मीरमध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाला. त्यात २६ जणांचा बळी गेला आणि त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते. त्यानंतर अनेक कुटुंबांनी काश्मीरचे बेत रद्द करून हिमाचलकडे पाहिले. मात्र, मनालीची सहल ठरवताना आजही ज्या तीन गोष्टी विचारल्या जातात, त्या वीस वर्षांपूर्वीच्याच आहेत : माणशी खर्च किती, हॉटेल कसे आहे आणि ‘पॉइंट’ किती दाखवणार? रस्ता, नदी, पाऊस आणि गर्दी हे चार घटक या हिशेबात बसत नाहीत. गेल्या काही वर्षांतील घटना पाहता सहलीचे भवितव्य ठरते ते मात्र याच चार घटकांवर.

आठ हजारांचे गाव, लाखोंचा भार

समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, बियास नदीच्या काठी वसलेल्या मनालीची नगरपालिका हद्दीतील लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ८,०९६ होती. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या खेड्याएवढी ही वस्ती. त्याच जनगणनेत संपूर्ण हिमाचल प्रदेशाची लोकसंख्या ६८ लाखांच्या घरात होती. याउलट, राज्यात २०२४ मध्ये आलेल्या पर्यटकांची संख्या १ कोटी ८० लाखांच्या आसपास होती. म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या अडीचपटीहून अधिक पाहुणे एका वर्षात येऊन गेले. त्यांतील मोठा वाटा मे-जून आणि नाताळ ते नववर्ष या दोन हंगामांत, मोजक्याच ठिकाणी एकवटतो. मनाली हे त्यांपैकी सर्वांत गजबजलेले ठिकाण.

या गर्दीला मर्यादा घालण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. मनालीपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत वाहनांच्या धुरामुळे बर्फ काळे पडू लागले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने हस्तक्षेप केला. तेथे जाणाऱ्या पर्यटक वाहनांना दिवसाला १,२०० ची मर्यादा घालण्यात आली : ८०० पेट्रोलवर चालणारी आणि ४०० डिझेलवर चालणारी. त्यासाठी ऑनलाइन परवाना घ्यावा लागतो आणि मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी पर्यटक वाहने सोडली जात नाहीत. खिंडीतील घोडेस्वारी, स्नो स्कूटर यांसारख्या व्यवसायांवर २०१५ मध्ये बंदी आली. २०१७ पासून या मार्गावर राज्य परिवहन मंडळाच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्याही धावू लागल्या.

बोगद्याने बदललेले गणित

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हे सारे गणित बदलले. हा बोगदा मुळात लष्करी गरजेतून आणि हिवाळ्यात सहा-सहा महिने जगापासून तुटणाऱ्या लाहौलवासीयांसाठी बांधला गेला. मनाली-लेह अंतर त्यामुळे ४६ किलोमीटरने घटले. पण त्याचा सर्वाधिक उत्साहाने वापर केला तो पर्यटकांनी. रोहतांगला परवाना लागतो, बोगद्याला लागत नाही. साहजिकच ‘बर्फ पाहण्याची’ गर्दी खिंडीवरून सरकून पलीकडच्या सिस्सू आणि कोकसर या छोट्या गावांत पोहोचली. दिवसाला ३,००० मोटारी आणि १,५०० मालमोटारी या हिशेबाने आखलेल्या या बोगद्यातून सुट्यांच्या काळात त्याच्या कित्येक पट वाहने जाऊ लागली.

डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या कोंडीला कंटाळलेल्या एका पर्यटकाने आपली जीप थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. पोलिसांनी त्याला दंड केला. त्या चित्रफितीवर देशभर हसे झाले, पण त्यामागची कोंडी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, अचानक झालेल्या बर्फवृष्टीमुळे सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार वाहने अडकून पडली आणि गोठवणाऱ्या थंडीत, रात्रीच्या वेळी पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली.

येथे धोरणातील उणीव उघड होते. एका ठिकाणी मर्यादा घातली आणि शेजारचे दार सताड उघडे ठेवले, तर गर्दी कमी होत नाही. ती फक्त जागा बदलते. लाहौलमधील गावकऱ्यांनी हिवाळ्यातील देवकार्याच्या काळात पर्यटन उपक्रम बंद ठेवण्याचे निर्णय घेतले, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागतात. ज्यांची उपजीविका सफरचंद, बटाटा आणि पर्यटन यांवर आहे, तेच लोक पाहुण्यांना ‘थोडे थांबा’ म्हणत असतील, तर त्यामागे तसेच कारण असले पाहिजे.

नदी आपली जागा परत मागते

मनालीच्या सहलीतील सर्वांत मोठी जोखीम आहे ती नदीची आणि नेमकी तीच माहितीपत्रकांत केवळ ‘निसर्गरम्य पार्श्वभूमी’ म्हणून येते. कुलू ते मनाली हा ४० किलोमीटरचा मार्ग बियासच्या काठाकाठाने जातो. दरी अरुंद, उतार तीव्र आणि पात्रात प्रचंड दगडगोटे. वर ढगफुटीसदृश पाऊस झाला, की पाण्याबरोबर हा सारा राडारोडा खाली येतो. नदी पात्र बदलते आणि काठ खचतो. सप्टेंबर १९९५ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये याचा अनुभव आला होता. तरीही रस्त्याचे चौपदरीकरण आणि हॉटेलांची बांधकामे नदीला चिकटूनच होत राहिली.

९ आणि १० जुलै २०२३ रोजी बियासने कुलू-मनाली महामार्गाचे लांबच लांब पट्टे वाहून नेले. वीज आणि दूरध्वनी सेवा कोलमडली आणि हजारो पर्यटक अडकले. घरच्यांशी काही दिवस संपर्कच होऊ न शकलेल्या कुटुंबांत महाराष्ट्रातील कुटुंबेही होती. त्या पावसाळ्यात राज्यभरात चारशेहून अधिक बळी गेले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस, पुन्हा मनालीजवळ महामार्ग तुटला आणि नदीकाठची दुकाने, बांधकामे पाण्यात गेली. त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलमधील अनिर्बंध बांधकामे, रस्ते, जलविद्युत प्रकल्प आणि वृक्षतोडीवर कडक भाष्य केले होते. असेच चालू राहिले, तर हे राज्य नकाशावरून पुसले जाईल, अशा आशयाचा तो इशारा होता.

पाऊस नसतानाही नदी सुरक्षित असतेच असे नाही. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात बियासच्या पात्रात छायाचित्रे काढत असलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. तेव्हा मोसमी पाऊस सुरूही झाला नव्हता. महाराष्ट्रात ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते अचानक वाढलेल्या प्रवाहामुळेच. पात्रात उतरून छायाचित्र काढण्याचा मोह सह्याद्रीत जितका घातक, तितकाच किंवा त्याहून अधिक तो हिमालयात घातक आहे.

साहसाची किंमत कोण मोजतो?

मनालीकडे तरुणांना खेचते ते सोलंग आणि डोभी येथील पॅराग्लायडिंग, बियासमधील राफ्टिंग, हिवाळ्यातील स्कीइंग आणि पदभ्रमण. १९६१ मध्ये स्थापन झालेली गिर्यारोहण संस्था मनालीतच आहे आणि तेथे शिस्तबद्ध प्रशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दलालाकडून घेतलेले दहा-पंधरा मिनिटांचे ‘साहस’ ही मात्र वेगळीच बाब आहे. हवाई साहसी खेळांसाठी हिमाचलने २००४ मध्ये आणि राफ्टिंगसाठी २००५ मध्ये नियम केले. चालकाची नोंदणी, उपकरणांची तपासणी आणि परवाना यांची त्यांत तरतूद आहे. १५ जुलै ते १५ सप्टेंबर या पावसाळी काळात हे दोन्ही खेळ बंद ठेवले जातात. तरीही अपघात थांबलेले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये डोभी येथे पॅराग्लायडिंग करताना उंचावरून पडून महाराष्ट्रातील एका तरुण पर्यटकाचा मृत्यू झाला होता.

नियम कागदावर असणे आणि उड्डाणाच्या जागी त्यांची अंमलबजावणी होणे, यांतील अंतर पर्यटकाला स्वतःच भरून काढावे लागते. चालकाचा परवाना पाहायला मागणे, हार्नेसचे पट्टे व हेल्मेट तपासून घेणे, वारा वाढल्यास उड्डाण नाकारणे हा त्याचा हक्क आहे. पैसे आधी भरले आहेत म्हणून जीव धोक्यात घालणे हा व्यवहार होऊ शकत नाही. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ स्वतंत्रपणे समाविष्ट करून घ्यावे लागतात. ही अट बहुतेकांना अपघातानंतरच समजते.

वेळापत्रकाचे व्याकरण

मग मनालीचा बेत आखावा तरी कसा? पहिला प्रश्न काळाचा. महाराष्ट्रातील सुटी मे ते जूनच्या मध्यापर्यंत असते आणि हिमाचलमध्ये मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या अखेरीस पोहोचतो. म्हणजे हा काळ तुलनेने सुरक्षित, पण गर्दीचा. ज्यांना शाळेचे बंधन नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर हा निरभ्र आकाशाचा आणि मोकळ्या रस्त्यांचा महिना अधिक चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये मिळणारी सवलत ही सवलत नसून जोखमीची किंमत आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. रेल्वेची आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे चार महिने आधी तिकिटे काढून निश्चिंत होण्याची सवय मोडावी लागते. चंडीगडपर्यंत विमानाने वा रेल्वेने आणि तेथून सुमारे ३०० किलोमीटर रस्त्याने, हा रूढ मार्ग. मनालीपासून ५० किलोमीटरवरील भुंतर विमानतळाची धावपट्टी लहान असल्याने तेथे छोटीच विमाने उतरतात आणि हवामान बिघडले, की उड्डाणे रद्द होतात. परतीचे विमान गाठण्यासाठी किमान एक दिवस हाताशी राखणे ही पर्वतीय प्रवासाची प्राथमिक अट आहे. सहा दिवसांत सिमला, कुलू, मनाली आणि वर चंडीगड बसवणाऱ्या वेळापत्रकात ही अट मुळीच पाळली जात नाही.

तिसरा प्रश्न शरीराचा. समुद्रकिनाऱ्यावरून निघालेले कुटुंब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जवळपास चार हजार मीटरवर पोहोचते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. हृदयविकार, दमा असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय वर जाऊ नये. मनालीत एक पूर्ण दिवस थांबून मग वर जाणे हा साधा उपाय आहे. त्या दिवशी पाहण्यासारखे गावात आणि आसपास भरपूर आहे : १५५३ मध्ये बांधलेले, देवदारांच्या राईतील हिडिंबेचे लाकडी मंदिर, वशिष्ठ येथील गरम पाण्याची कुंडे, नग्गरचा जुना राजवाडा आणि तेथील रोरिक यांचे चित्रदालन. यांतल्या कशासाठीही परवाना लागत नाही.

चौथा प्रश्न कचऱ्याचा. हिमाचलने २९ एप्रिल २०२५ पासून प्रवासी व्यावसायिक वाहनांत कचरापेटी सक्तीची केली असून ती नसल्यास दहा हजार आणि कचरा बाहेर फेकल्यास दीड हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मराठी पर्यटकांच्या खाकऱ्या-चिवड्याच्या पिशव्यांनाही हा नियम लागू आहे.

मर्यादा मान्य करण्याची तयारी

उटी आणि कोडाईकनाल येथे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून ई-पास लागू झाला. मसुरीत १ ऑगस्ट २०२५ पासून पर्यटकांची नोंदणी सुरू झाली. मनालीसारख्या शहरासाठीही आज ना उद्या असा निर्णय घ्यावाच लागेल आणि तो एखाद्या खिंडीपुरता नव्हे, तर संपूर्ण खोऱ्यासाठी असावा लागेल. अशा मर्यादेला व्यावसायिकांचा विरोध होणे स्वाभाविक आहे, कारण वर्षाची कमाई काही आठवड्यांवर अवलंबून असते. म्हणूनच गर्दी कमी करण्याबरोबर ती वर्षभरात विभागण्याची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढे चालावे लागते. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. उलट, तेच माथेरानचे आकर्षण मानले जाते. बंधन असलेले ठिकाण लोकांना हवेसे वाटते, हा धडा सह्याद्रीने केव्हाच दिला आहे.

सहल कंपन्यांनी वेळापत्रकातील एक ‘पॉइंट’ वगळून एक मोकळा दिवस वाढवला आणि ग्राहकांनी तो फुकट गेलेला दिवस न मानता त्याचे पैसे मोजले, तर सुधारणेला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. रस्ता तुटल्यास खर्च कोण करणार, परतावा किती मिळणार, मुक्काम नदीपासून किती अंतरावर आहे, हे प्रश्न नोंदणीच्या वेळीच विचारले गेले पाहिजेत. डोंगर कोणाच्या सुटीच्या सोयीने वागत नाही. तेव्हा सुटीचा बेतच डोंगराच्या सोयीने आखणे, हेच शहाणपणाचे ठरेल.